लॅपटॉपची पेटी आणि एक टेबल

प्रिय साडूभाऊ यांसी,

सप्रेम, सविनय आणि (पाठीत उसण भरल्यामुळे) किंचित वाकूनच नमस्कार. आपले गुडघे, मेहुणीबाईंचा रक्तदाब आणि "आता स्थावराचा मोह नको, जंगम व्हावे" असे प्रवचन झोडून मी आपणांस टेबलासकट अर्पण केलेला जुना संगणक, ही तिन्ही कुशल असावीत.

लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्सची (म्हणजे पडद्यावरची चित्रे भराभर हलवणारी) पेटी जोडणे श्रेयस्कर की कसे, अशी पृच्छा आपण केली आहे. या विषयात मी अधिकारी पुरुष आहे, कारण मी ती जोडून बसलो आहे.

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्याची सजावट मजकडे आहे, हे आपण जाणताच. तो सजण्याआधीच पडद्यावर त्यांना त्यातून फिरवून आणावयाचे होते. परंतु माझा लॅपटॉप दारापासून खुर्चीपर्यंत पोहोचेतो रुग्णाचे दात स्वेच्छेने गळून पडावेत, अशी त्याची गती. सबब पेटी आणली. आकार बुटांच्या खोक्याएवढा, वजन लॅपटॉपच्या दुप्पट आणि वीज स्वतंत्र (याहून जावई परवडला). हे बिऱ्हाड उचलून बाईंच्या जुन्या दवाखान्यात गेलो (उसणीचा उगम इथेच). पेटी सुरू होताच आतल्या पंख्याने असा आर्त स्वर लावला की बाहेर बसलेले दोन रुग्ण उठून चालते झाले. बाई कडाडल्या, "अहो, बंद करा ते आधी! त्यांना वाटलं, मी कुणाची तरी दाढ कोरतेय!" सोमवारी त्याच आमच्या घरी येऊन चित्र पाहणार आहेत, पसंत न पडल्यास काम दुसऱ्यास.

शिवाय पेटी जोडूनही लॅपटॉपवर चित्र अडखळतच होते. दुकानदार म्हणाला, पेटीत तयार झालेले चित्र त्याच केबलने माघारी येते, म्हणून वाटेत कोंडी होते. वेगळा पडदा जोडा. जोडला. मग लॅपटॉप मिटून कोपऱ्यात सारावा लागला, म्हणून निराळा कीबोर्ड, निराळा माउस. सारांश, जंगमाचे पुनश्च स्थावर झाले आणि जेवणाचे टेबल त्यात लुप्त झाले. आम्ही उभयता मांडीवर ताटे घेऊन जेवतो. हे वैभव न्याहाळून सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "भावजींना दिलात, तो असाच होता ना?" शिवाय रविवारपर्यंत टेबल मोकळे न झाल्यास पेटी जिन्यात ठेवण्याची घोषणा झाली आहे.

तात्पर्य, आपण या फंदात पडू नये.

आपला,
साडू

ता. क. : जुना संगणक आपणांसच लखलाभ असो. त्याखालचे टेबल मात्र रविवारी सकाळी पोहोचते करावे. संगणक जमिनीवरही उत्तम चालतो, असे ऐकिवात आहे.

ता. क. २ : पेटी घेतल्यास आपणांसही टेबल लागेल, या गोष्टीचा माझ्या वरील सल्ल्याशी काडीमात्र संबंध नाही.

ता. क. ३ : सौभाग्यवतींनी पत्र वाचले. म्हणतात, "भावजींना खरं काय ते लिहा." तर खरे असे की, वेगळ्या पडद्यावर पेटी अप्रतिम चालते. काल त्या दवाखान्यातून तीनदा फिरलो आणि खुर्चीसमोर येताच माझा आ आपोआप वासला गेला. अवश्य घ्यावी. टेबल इकडे पोहोचल्यावर.