फौजदार भाऊजींचा कोट

फौजदार भाऊजी,

हे पत्र लिहून मी चुलीत घालणार आहे. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहायचं नाही.

सख्ख्या भावाला बेड्या घालून नेलंत आणि वर स्वराज्याचा झेंडा शोधायला आमचं घर उलटंपालटं केलंत. माझ्या शिलाई मशीनचा खणसुद्धा सोडला नाहीत. मग म्हणालात, "वहिनी, त्याने माफी लिहून दिली तर सोडतील. समजवा त्याला." मी हातातलं शिवत राहिले. तोंडात टाचण्या होत्या.

निघताना तुम्ही शिवायला टाकलेला थंडीचा कोट मागितलात. अंगात घालून म्हणालात, "जड लागतोय हो." मी म्हटलं, "थंडी बाधू नये म्हणून दुहेरी अस्तर लावलंय." काय खूश झालात!

भाऊजी, झेंडा त्या दोन अस्तरांच्या मध्ये होता. कचेरीच्या फाटकावर सगळ्यांची झडती होते, पण फौजदाराची कोण घेणार? तुम्ही कोट खुंटीला टांगून साहेबापुढे सलाम ठोकत होतात, तेवढ्यात आमच्यातल्याच झाडूवाल्या मावशींनी अस्तर उसवलं. दुपारी झेंडा कचेरीच्या छपरावर फडकत होता आणि गोरा साहेब तुमच्यावरच खेकसत होता, "आत आणला कुणी?"

काल तोच कोट तुम्ही माझ्यापुढे टाकलात. "खिळ्याला अडकून फाटला, वहिनी. तेवढा शिवून द्या."

शिवून ठेवलाय, घेऊन जा. या खेपेला अस्तर जरा सैल ठेवलंय.

तुमच्या कैद्याची बायको,
म्हणजे तुमची वहिनी