रिकामा रकाना

४ मार्च
अकरा हजार बटणं! कारखान्याची यादी आली, सगळा माल एकाच फाइलमध्ये. आमच्या बटणांच्या दुकानाच्या वेबसाइटवर बाबांनी दोन वर्षांत नऊशे चढवलीत. एका बोटाने टाइप करत, प्रत्येकाखाली परिच्छेदभर वर्णन! मी म्हटलं, "गिऱ्हाईक एवढं वाचतं का?" तर म्हणे, "वाचणारा वाचेल."
उद्या त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. ते बरे होईपर्यंत सगळा माल चढवून टाकते. बघतच राहतील!

५ मार्च
ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय — तीन आठवडे स्क्रीन बंद.
फाइल चार वेळा परत आली. कधी किमतीचा रकाना चुकला, कधी रंगाचा. शेवटी वैतागले आणि दिसतील त्या सगळ्या चौकटींत खुणा केल्या, 'जुन्या नोंदी बदला' हीसुद्धा. गेली एकदाची! वीस मिनिटांत अकरा हजार. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

६ मार्च
बाबांची वर्णनं गेली. नऊशेच्या नऊशे.

७ मार्च
सॉफ्टवेअरच्या मदतकेंद्रातला माणूस फारच शांत. कारखान्याच्या यादीत वर्णनाचा रकाना होता, पण रिकामा. तसा ठेवला की सॉफ्टवेअर समजतं — आहे ते पुसा. तो रकाना काढूनच टाकायचा असतो. आणि आधी पाच ओळींची फाइल टाकून बघायची असते.
"जुन्याची प्रत घेतलीये ना, ताई?"
नाही घेतली. एक मिनिटाचं काम होतं. कसली एवढी घाई होती मला?

१० मार्च
आठवून लिहायला बसले. एकच आठवलं: 'काठ धारदार आहे, तान्ह्या बाळाच्या कपड्याला लावू नये.' तेही बाबांनी एकदा मोठ्याने वाचून दाखवलं होतं म्हणून. मी तेव्हा फोनवर होते.

१३ मार्च
युक्ती सुचली. खणच्या खण घरी आणते, बाबांच्या हातात एकेक बटण देते. काळा चष्मा लावून ते बोटांनी चाचपतात. "हे शिंगाचं. जास्त वेळ भिजवू नको, वाकतं." मी फोनवर गुपचूप रेकॉर्ड करते आणि रात्री ऐकून वेबसाइटवर उतरवते. बाबा खुशीत! "आज इंजिनीअरीणबाईंना दुकान कसं आठवलं?"
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९ मार्च
तीनशे बारा झाली. बाबांनी विचारलं, "वेबसाइट ठीक आहे ना गं?"
"झकास!" म्हटलं मी. जीभ कशी रेटली कोण जाणे.

२५ मार्च
चारशे सत्तर. उद्या स्क्रीन बघायची परवानगी. बाबांनी सकाळीच दाढी करून ठेवायची ठरवलीय.

२६ मार्च
बाबांनी पहिलं वर्णन वाचलं. मग दुसरं. "शब्द माझेच आहेत, पण हे मी लिहिलेलं नाही." मग मी सगळं सांगून टाकलं. रडले. वाटलं, आता चांगलेच रागावतील. ते नुसतेच चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "गिऱ्हाइकासाठी नव्हतंच ते. पुढेमागे दुकान तुझ्याकडे येईल, तेव्हा तुला सगळं कळावं म्हणून लिहीत होतो." आणि चष्मा डोळ्यांवर चढवून, "त्यातलं एखादं तरी वाचलं होतंस का गं?"