नाशपातीचं तोडलेलं झाड

अप्पा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी काल मी तुमच्यावर नव्यानं संतापले. नातू शेतकी कॉलेजात शिकतो. त्याच्या पुस्तकात नाशपातीच्या फुलाचं चित्र होतं, म्हणून सहज विचारलं, आणि त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला जेवण गेलं नाही. प्रत्येक झाडात आईकडून आलेली एक आणि बापाकडून आलेली एक अशा दोन खुणा असतात. परागकणावरची खूण त्या फुलाच्या दोहोंपैकी एकीशी जुळली, की फूल त्याला आत वाढूच देत नाही. म्हणून नाशपाती स्वतःच्या परागानं फळ धरत नाही, दुसऱ्या जातीचं झाड शेजारी लागतं. आणि एकाच झाडाची कितीही कलमं बांधली तरी खुणा त्याच.

तुम्ही नेमकं तेच केलंत. निजामाचं राज्य होतं आणि तुम्ही नळदुर्गजवळ जहागीरदारांच्या बागेत माळी होतात. नाशपातीची दोनच झाडं होती. एकाची फळं गोड, दुसऱ्याची बारकी आणि दगडासारखी. गोड झाडाची कलमं बांधून तुम्ही डझनभर झाडं वाढवलीत आणि ती फुलायच्या आधीच दुसऱ्यावर कुऱ्हाड चालवलीत. त्याची फळं आई गूळ घालून शिजवायची. ती म्हणाली, "असू द्या की एक, पोरं खातेत." तुम्ही म्हणालात, "जहागीरदारानं दगडं चावायची व्हय?"

पुढच्या वर्षी सगळी बाग पांढरी होते, तुम्ही मिशीतल्या मिशीत हसता, आणि फूल न् फूल गळून जातं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. कारभारी जाब विचारतो, तेव्हा चार गड्यांसमोर तुम्ही आईकडे बोट दाखवता, "हिचा विटाळ लागला बागेला." आई म्हणते, "त्या दिवसांत म्या कुंपणाच्या आत आलेच न्हाय हो." तुम्ही ऐकत नाही. तेव्हापासून बारा महिने ती तुमची भाकरी कुंपणावरून द्यायची. निजामी गेली, जहागीर गेली, तिच्यावरची बंदी तेवढी राहिली. तुम्हाला फुलाच्या आतलं माहीत नव्हतं, कबूल. मग माहीत नाही म्हणायचं. पण ते तुमच्या तोंडून कधी निघालं नाही, बायकोचं नाव मात्र पटकन निघालं. याचा मला अजून राग येतो आणि तो जावा असं वाटतही नाही.

नातू म्हणाला, आजी, हे सगळं लिहून दे मला. लिहिलं, पण त्याला देणार नाही, कारण आता जे लिहिते ते त्याला कळायला नको आहे. तुमच्या माघारी आई माझ्याकडे राहायला आली. माझ्या दारात कागदी लिंबाचं झाड होतं. एका सकाळी तिनं त्याला घालायला भीत भीत पाण्याचा तांब्या उचलला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "तू नगं हात लावू आई, आत्ता कुठं फूल धरलंय."