सतरा मुलांचा पट

७ जानेवारी
पॉलिसीचा पेपर परत मिळाला. वर्गात सगळ्यात जास्त मार्क. विषय: कमी पटाच्या मराठी शाळा चालू ठेवाव्यात की दुसऱ्या शाळेत विलीन कराव्यात. मी लिहिलेलं, विलीन करा. सरांनी एक वाक्य मोठ्याने वाचलं, 'मूठभर मुलांसाठी अख्खी शाळा चालवणं ही भावना झाली, धोरण नव्हे.' पोरांनी बाकं वाजवली. बी.ए.ला साहित्य आणि पब्लिक पॉलिसी एकत्र घेतलं तेव्हा हेच हसलेले.
घरी आई, "कशावर होता रे पेपर?"
"असंच. शिक्षणावर."
आई कोपरच्या मराठी शाळेत सव्वीस वर्षं शिकवतेय. यंदा पट सतरा. नाही सांगता आलं.

१९ जानेवारी, रविवार
आईबरोबर दारोदार फिरलो. पहिलीसाठी मुलं मिळवायला ती दरवर्षी जाते. जोडीच्या बाई रिटायर झाल्या, म्हणून यंदा मी. अकरा दारं. एका घरात तिची जुनी विद्यार्थिनी निघाली. पाया पडली, चहा केला. मग म्हणाली, "बाई, हिला इंग्लिशमध्ये टाकलंय." आई म्हणाली, "छान. रोज वाचून घे तिच्याकडून." ती माझ्याकडे बघत, "दादा पण इंग्लिशचाच ना?"
आई म्हणाली, "हो."
बाबांनी घातलेलं मला तिकडे. आई तेव्हा काय बोललेली, कधी विचारलं नाही.

७ फेब्रुवारी
शाळेत पत्र आलं. जूनपासून मुलं पूर्वेच्या शाळेत, रुळांपलीकडे. आईचं समायोजन, म्हणजे जिथे जागा असेल तिथे पाठवणार. जेवताना सांगितलं तिने, आमटी वाढता वाढता. "मी अतिरिक्त ठरले."
बाबा नुकतेच कोलशेतहून ड्युटी संपवून आलेले. "पगार चालू राहील ना? मग झालं तर."
आई म्हणाली, "भात घ्या अजून."

१२ फेब्रुवारी
आईने पेपर वाचला. माझ्या टेबलावरच होता. चूक माझी. लाल पेन हातात घेऊनच वाचलाय, सवयीने. 'विलिनीकरण'मधला लि नऊ ठिकाणी दीर्घ केलाय. बाकी कुठे काही नाही.
स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती मेथी निवडत होती.
"मुद्दे नीट मांडलेयस," ती म्हणाली.
"आई, तो तुझ्या शाळेबद्दल नव्हता गं."
"माहितीय. कुठल्याच शाळेबद्दल नाहीये तो."
रागावली असती तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी
सरांना म्हटलं, पेपर परत लिहायचाय. सर म्हणाले, "मार्क मिळालेत, आता कशाला?" कारण सांगितलं. ते म्हणाले, "अरे, वाईट वाटलं ऐकून. पण घर मध्ये आणलंस की पॉलिसी संपली." पुढच्याच तासाला साहित्याच्या मॅडम, "घरापासून सुरुवात करा, बाकी सगळं खोटं." एकाच डिग्रीत दोन्ही. डबा तसाच परत आणला.

३० एप्रिल
शाळेचा शेवटचा दिवस. सामान बांधायला गेलेलो. आईने हजेरी घेतली, सतराच्या सतरा हजर. तिसरीतली आरती म्हणाली, "बाई, तिकडे पण तुम्हीच ना?"
"बघू हं."
घरी मला तिने एकदाही 'बघू' म्हटलेलं आठवत नाही. हो किंवा नाही. नंतर फळा पुसायला गेली ती बराच वेळ पाठमोरीच.

१६ जून
आई कल्याणच्या शाळेत रुजू. पहाटे साडेपाचला उठली, इस्त्रीची साडी. दुपारी आली. विचारलं, कुठला वर्ग?
"अजून दिला नाही. स्टाफरूममध्ये बसवलंय." मग जरा वेळाने, "खुर्ची बरी आहे."

२४ जून
पूर्वेच्या शाळेत जाऊन आलो. कुणी सांगितलेलं नाही, स्वतःहून. सतरापैकी अकरा पोचलीत. आरती नाही. तिच्या घरी गेलो. ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात. मला बघून हसली, मग माझ्या मागे बघायला लागली, आई आलीय का ते.
तिची आई म्हणाली, "दादा, मी सहाला धुणीभांडी करायला बाहेर पडते. ब्रिज चढून, हमरस्ता ओलांडून एकटी पोर कशी जाईल? बाई दारातनं घेऊन जायच्या."
रोज?
"रोज. पहिलीपासनं."
मला माहीतच नव्हतं. पेपरात मी लिहिलेलं, दोन शाळांमधलं अंतर चालण्याजोगं. नकाशावर मोजलेलं.

२९ जून, रविवार
आईला सगळं सांगितलं. तिने साडी बदलली, म्हणाली, "चल."
आरती पळत येऊन बिलगली तिला. आई तिचं डोकं कुरवाळत राहिली. कल्याणला सातला सही असते, ती कशी नेणार?
मीच बोलून गेलो, "मी सोडेन सकाळी."
आरतीच्या आईने माझ्याकडे नाही, आईकडे बघितलं. "सोडतील हो. साडेबाराला आणायचं कोणी?"
साडेबाराला मी ठाण्यात, वर्गात. परवापासून कॉलेज सुरू.
"आणि किती दिवस, दादा?" आरतीच्या आईने विचारलं.
निघताना आईने आरतीचं दप्तर मागितलं, आत काय काय आहे ते बघितलं, पट्टा आखूड करून दिला. पायऱ्या उतरताना म्हणाली, "कबूल करून बसलास. लहान मुलं वाट बघतात रे, लक्षात ठेव."
उद्या पावणेसातला तिच्या दारात. परवाचं अजून काही सुचत नाहीये.