कॉन ओ'ड्रिस्कॉलचे मत

१४ सप्टेंबर २०२३, गुरुवार

घटना क्रमाने लिहून ठेवते. क्रम चुकला की न्यायही चुकतो.

मार्चचा दुसरा आठवडा: ऊर्जा खात्याने इनिशब्रॅन एनर्जी या आमच्या लहानशा कंपनीला पत्र पाठवले. समुद्राखालचा गॅस काढण्याचा पट्टा हवा असेल, तर ते काम पेलण्याइतका पैसा तुमच्यामागे उभा आहे हे नव्वद दिवसांत दाखवा, असे. तीन एप्रिल: कंपनीचा अध्यक्ष फिनबार ट्वूमी – इथला, स्किबरीनचाच, माझा जुना विद्यार्थी, लॅटिनमध्ये काठावर पास – माझ्या घरी आला. हातात भागधारकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा. "बाई, जरा नजर टाका ना. तुमचा हात फिरला की लोक वाचतात." मी दोन तास बसून ते पत्र घासूनपुसून दिले. त्यात एक वाक्य होते: 'सरकारशी बोलणी समाधानकारक रीतीने पुढे सरकत आहेत.' खात्याच्या पत्राचा त्यात कुठेही उल्लेख नव्हता, आणि असे पत्र आले आहे हे मला ठाऊक नव्हते. एप्रिल-मे: ते वाचून गावातल्या एकोणतीस घरांनी आणखी शेअर घेतले. जून: मुदत संपली, खात्याला उत्तर गेले नाही. एकवीस ऑगस्ट: पट्टा नाकारला गेला. नवे परवाने देणे सरकारने २०२१ पासूनच बंद केले आहे; आमचा अर्ज त्याआधीच्या जुन्या परवान्यावरचा होता. तेव्हा हे दार मिटले ते कायमचे. नकाराच्या आदेशात मार्चच्या पत्राची तारीख छापलेली आहे. मला ते तिथे कळले.

काल खाटकाच्या दुकानात एक बाई म्हणाली, "तुम्ही तपासलं होतं म्हणून घेतले हो आम्ही." ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर मला सोपे गेले असते.

वीस ऑक्टोबरला वार्षिक सभा आहे. फिनबारची मुदत संपते आहे आणि त्याला पुन्हा निवडून यायचे आहे. तो त्या खुर्चीवरून उतरलेला मला पाहायचा आहे, सगळ्यांच्या देखत. त्याहून कमी काही चालणार नाही.

१९ सप्टेंबर

त्याला पत्र धाडले. चार प्रश्न, क्रमांक घालून. शेवटी: 'उत्तर लेखी द्यावे.'

२६ सप्टेंबर

शनिवारी पत्राऐवजी तो स्वतःच दारात उभा. हातात बायकोने केलेल्या ब्लॅकबेरी जॅमची बरणी.

"बाई, असल्या गोष्टी कागदावर होत नाहीत. आत येऊ का?"

"कागदावरच होतात, फिनबार."

"लोक घाबरले असते हो. पैसेवाला भागीदार जवळजवळ हातात होता. चार आठवडे आणखी मिळाले असते तर –"

"मग हेच लिहून दे."

बरणी उंबऱ्यावर ठेवून गेला. मी ती शेजारच्या मुलांना दिली. सोमवारी त्याचे एक पाकीट आले, वर 'मिस ए. मुलकाही'. कॉर्कच्या विद्यापीठाने मला डॉक्टर केले त्याला एकेचाळीस वर्षे झाली. नावाआधी 'डॉ.' नसलेले पाकीट न उघडता परत पाठवले. माझा तसा नियमच आहे.

२८ सप्टेंबर, गुरुवार

आज हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत आमचे गुरुवारचे टोळके जमले. सात-आठ छोटे भागधारक, एक चहाची किटली आणि सरकारला शिव्या.

फिलोमिना कोक्ली कापडाचे दुकान चालवते. तिने अर्धे शेअर विकून पवनचक्क्यांच्या कंपनीत घातले. "सरकारला आपल्या समुद्रातला गॅस नको," ती म्हणाली, "पण समुद्रापलीकडच्या देशातून नळीतून येतो तो चालतो. तो काय गुलाबपाण्यातून काढतात? वाऱ्याचं बरं. वारा कुणाकडे पट्टा मागत नाही."

"मागतो," मी म्हणाले. "समुद्रतळ राज्याचा आहे. खांब रोवायला परवानगी लागते."

"बाई, तुम्ही माझ्या चहात नेहमी लिंबू पिळता."

कॉन ओ'ड्रिस्कॉल हसला. कॉन एकोणऐंशी वर्षांचा, आयुष्यभर मासेमारी केलेला. बोट विकून आलेले सगळे त्याने इनिशब्रॅनमध्ये घातले. गावात त्याच्याएवढे शेअर फक्त फिनबारकडे आहेत. "चाळीस वर्षं मी त्या पाण्यावर काकडलो," तो म्हणाला. "खाली शेगडी होती हे कुणी बोललं नाही. आता कळलं, तर म्हणे हात शेकायचे नाहीत. डब्लिनमधली ती संगणकांची गोदामं मात्र रात्रंदिवस वीज ढोसतायत."

मला सरकारचा राग येत नाही हे मी त्यांना सांगितले. त्यांचे धोरण मला पटो न पटो, त्यांनी ते छापले, तारीख घातली, मुदत दिली. ज्याला वाचायचे त्याने वाचावे. एका माणसाने ते वाचले आणि खिशात घातले. दोष त्याचा.

मग प्रतिनिधिपत्रे बाहेर काढली. जो सभेला येणार नाही त्याने माझ्या नावे सही करायची. त्याच्या वतीने मी फिनबारच्या विरोधात मत देईन. सगळे खिडकीबाहेर बघू लागले.

"आई गेली तेव्हा तो दोन तास पावसात सांत्वनाच्या रांगेत उभा होता, बाई," फिलोमिना म्हणाली. "पहिला हात त्यानं मिळवला."

"तो सगळ्यांच्याच दफनाला जातो. अध्यक्ष आहे तो."

"म्हणून काय? आला ना?"

इथे हे असे आहे. तुमचे दिवाळे काढलेल्या माणसाने तुमच्या आईच्या शवपेटीला खांदा दिला असेल, तर त्याच्याविरुद्ध हात वर होत नाही. हिशेब तिथेच फिटला असे समजतात. गेल्या दहा वर्षांत फिनबारने एक दफन चुकवलेले नाही. याहून चांगली गुंतवणूक या कंपनीत कुणी केली नसेल.

शेवटी कॉनने पेन मागितले. बराच वेळ कागद धरून बसला. "पेगच्या वेळी तो आला होता," एवढेच बोलला. पेग म्हणजे त्याची बायको, गेल्या हिवाळ्यात वारली. मी म्हणाले, "कॉन, तुमची बोट कुठे गेली ते आठवा." त्याने सही केली. मग टोळक्यातल्या बाकीच्यांनी आणि संध्याकाळी घरी जाऊन गाठलेल्यांनी मिळून आणखी अकरा जणांनी केली.

५ ऑक्टोबर

कंपनीची नियमावली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. गावात ती आजवर कुणी वाचलेली नाही, फिनबारने तर नाहीच. बेरीज केली. कॉनचे शेअर धरले तर आम्ही निसटते पुढे आहोत. न धरले तर नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

 बैठकीहून निघताना कॉनने माझ्या कोटाच्या खिशात एक पाकीट सरकवले. "घरी गेल्यावर बघा, बाई. सावकाश." जीवरक्षक बोटीच्या संस्थेचे छापील पाकीट, दर शरदात तो त्यांच्या सोडतीची तिकिटे सगळ्यांच्या गळ्यात मारतो. वर शिसपेन्सिलीने 'मिस मुलकाही'. त्याला परत पाठवणे जिवावर आले. शेकोटीवरच्या घड्याळामागे ठेवले आहे. सोडतीचे वीस तारखेनंतर बघू.

१३ ऑक्टोबर

बाराही प्रतिनिधिपत्रे कंपनीच्या कचेरीत स्वतः दाखल केली. पोच घेतली. पोचेवर तारीख नव्हती, घालून घेतली.

१५ ऑक्टोबर, रविवार

कॉन गेला. चर्चमधली मिस्सा, रविवारची प्रार्थना, आटोपून घरी आला, खुर्चीत बसला, रेडिओवर सामना लावला. मुलगी नोरीन बटाटे उकडायला टाकून आली तेव्हा सामना चालूच होता.

फार चांगला माणूस. मी त्याला एकदा लॅटिन कवी व्हर्जिलमधले वादळ वाचून दाखवले होते. तो म्हणाला, हा गडी कधी बोटीवर चढलेला दिसत नाही.

१६ ऑक्टोबर

झोप आली नाही. पहाटे नियमावली पुन्हा काढली. कलम ७४: प्रतिनिधिपत्र देणारा वारला किंवा त्याने ते मागे घेतले, तरी त्यानुसार दिलेले मत वैधच राहील, मात्र मृत्यूची किंवा मागे घेतल्याची *लेखी* सूचना सभेपूर्वी कंपनीला मिळालेली नसावी.

लेखी. फिनबार आयुष्यात काही लिहीत नाही. तो हात मिळवतो.

१८ ऑक्टोबर

दफन झाले. फिनबार शवपेटीच्या पुढच्या डाव्या दांडीला. कोट भिजून काळा झालेला. कबरीपाशी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"बाई, कॉन तुमच्याशी बोलला का गेल्या आठवड्यात?"

"दर गुरुवारी बोलायचा."

"तसं नाही. काही खास?"

"सभेत भेटू," मी म्हणाले. त्याने मान हलवली आणि नोरीनकडे गेला. ती त्याच्या खांद्यावर डोके टेकून रडली. मी पाहत होते. मनात म्हटले: पुरे आता. हे शेवटचे दफन, अध्यक्ष म्हणून.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

सविस्तर लिहिते, कारण हा दिवस मला जसाच्या तसा हवा आहे.

हॉटेलचे दालन. साठेक माणसे. मागे टेबलावर हॅमची सँडविचेस झाकून ठेवलेली. सभा आटोपेपर्यंत कुणी हात लावत नाही, पण सगळ्यांचे लक्ष तिकडे. फिनबारच्या फेरनिवडीचा ठराव आला. हात वर करून मत घेतले असते तर तोच जिंकला असता. म्हणून मी शेअरनिहाय मतमोजणी मागितली. सचिव, कॉर्कहून आलेला तरुण वकील, प्रतिनिधिपत्रे वाचू लागला. कॉनचे नाव येताच दालनात कुजबुज झाली.

फिनबार उठला. "बाई, कॉनला परवा आपण पुरलं. मी खांदा दिलाय."

"कंपनीला मृत्यूची लेखी सूचना मिळाली आहे का?"

सचिवाने कागद चाळले. "नाही."

"कलम ७४ वाचावे."

त्याने वाचले. चांगले वाचले, स्वल्पविरामांवर थांबून. फिनबारचा चेहरा मी आधी कधी असा पाहिला नव्हता. लॅटिनच्या तोंडी परीक्षेतही नाही.

"कॉननं मला सांगितलं होतं," तो हळू बोलला. "तेरा तारखेला, धक्क्यावर. म्हणाला, तो कागद मी बाईंकडून परत मागितलाय. माझं मत तसं नाही म्हणाला."

मृत माणसाच्या तोंडी शब्द घालणे. यापुढे मी त्याच्याकडून कशाचीच अपेक्षा ठेवत नाही.

"हे तुझ्याकडे लेखी आहे?"

"नाही."

"त्याने तुला लिहून दिले?"

"तो लिहिणारा माणूस होता का, बाई? पण तुम्हाला सांगितलं असणार त्यानं. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मान्य करतो."

साठ माणसे माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "मला कॉनने असे काहीही सांगितलेले नाही." आणि हे खरे होते. शब्दशः खरे.

"मग झालं तर," फिनबार म्हणाला आणि खाली बसला.

कॉनचे मत मोजले गेले. ठराव पडला. एवढ्या निसटत्या फरकाने, की त्या एका कागदावाचून तो पडलाच नसता.

मी एप्रिलचे पत्र बाहेर काढले, ते एक वाक्य मोठ्याने वाचले, आणि खात्याच्या पत्राची तारीख वाचली. आणखी काही बोलायची गरज नव्हती. फिनबारने अध्यक्षाची घंटा सचिवापुढे सरकवली आणि मागे जाऊन, सवयीने, म्हाताऱ्यांना चहा ओतून देऊ लागला.

२१ ऑक्टोबर

हवे होते तेवढे सगळे मिळाले. दोन महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपले.

फिलोमिना दुकानाच्या दारात उभी होती. "जिंकलात, बाई."

"न्याय झाला."

"हो ना." मग म्हणाली, "काल सँडविच घेतलं नाहीत तुम्ही."

"भूक नव्हती."

"तुमच्या बाजूला कुणी बसलं नव्हतं, म्हणून विचारलं."

लोकांचे असेच असते. उपकाराची लाज वाटते त्यांना. जाईल.

२३ ऑक्टोबर, सोमवार

सोडतीचे पैसे नोरीनला देऊन टाकावेत म्हणून घड्याळामागचे पाकीट उघडले. तिकिटे नाहीत. वहीचा एक कागद आहे. तसाच उतरवते:

'बाई, तो सहीचा कागद मला परत द्या. कचेरीत देऊ नका. फिनबार चुकला ते मला पण कळतं. पण पेग गेली तेव्हा दोन दिवस तो आमच्या स्वयंपाकघरात बाह्या वर करून कपबश्या विसळत होता, आणि एकदाही बाहेरच्या लोकांत येऊन बसला नाही. त्याला माझ्या हातून खाली ओढायचं नाही मला. बोट गेली ती गेली. तोंडावर सांगायला आलो असतो, पण तुमच्यापुढे मला बोलता येत नाही, तुम्ही मला पटवून टाकता. म्हणून लिहितोय. कागद फाडलात की तसं मला लिहून कळवा. तोंडी नको. वाट बघतो. – कॉन.'