मामाच्या टॅक्समध्ये माझा पोरगा

रविवार संध्याकाळ, देऊळघाट

आज मी प्रकाशला तापल्या चिमट्यानं मारलं. बायकोचा सख्खा भाऊ, अमेरिकेतून सुट्टीवर आलेला. त्याच्याच पाहुणचाराला शेतात रोडगे, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, केले होते. विस्तवातले रोडगे उलटायचा तोच चिमटा.

आमचा निखिल तिकडे त्याच्याच घरी राहून शिकतो. भरल्या पंगतीत, भावकीसमोर हा म्हणतो, "भाऊजी, टॅक्समध्ये निखिलले माह्यावर अवलंबून दाखवतो. सूट भेटते."

"काऊन? त्याचा बाप मेला का बे?"

"कागदावरच तर हाये. आन् खातो तर माह्याच घरी ना!"

खातो! पुढचं नीट आठवत नाही. त्याच्या मनगटावर चर्र झालं, तो किंचाळला, मी परत हाणला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा बायको मध्ये पडली. ती नसती तर डोक्यात घातला असता का मी? हो. घातलाच असता.

घरी येऊन निखिलला फोन लावला. "तुले माहीत होतं?"

"हो बाबा. पण ते होतच नाही. टॅक्सवाल्यानं कालच मामीले सांगितलं, स्टुडंट व्हिसावरचा भाचा दाखवता येत नाही."

म्हणजे पोरगा माझाच होता. क्षणभर, लाज वाटते लिहायला, छाती फुगली.

मग तो हळूच म्हणाला, "मामाचा फोन आला होता. मामीनं माही बॅग दाराबाहेर ठेवली. बाबा, मी आता जाऊ कुठं?"

हाताला अजून चिमट्याचा, धुराचा वास येतोय.