नाथाजीच्या हातात आलेला देव

म्हसवडजवळची वाडी, चैत्र, सन १९४६

बिराप्पास नाथाजीचा रामराम, आन् तुझ्या ढोलाला येगळा रामराम. तू, वहिनी, पोरंबाळं, तुझं सांगलीचं हळदीचं काम, समदं बरं असंल. नदीकाठच्या दमट हवेनं ढोलाचं कातडं सैल पडलं न्हाई न्हवं? आमी हिकडं खुशाल हाय. तुझी भण मनुबाई, म्हंजे आमची कारभारीण, खुशाल हाय का न्हाई, त्ये फुडं लिवतो.

अक्षर बारीक दिसलं तर डोळ्यांला दोष दिऊ नगंस. पलटणीत शिकलेलं माझं अक्षर केवढं टप्पोरं हुतं! आता वळ सुरू करतो ज्वारीच्या दाण्याएवढी, आन् संपस्तवर तिची खसखस हुती. पयला उजवा अंगठा हलाय लागला, तंबाखू मळल्यावानी. तंबाखू न्हाई, चुना न्हाई, मळणं चालूच. भाकरी उचलली की थांबतंय, हात मांडीवर ठेवला की फिरून चालू. मग नाकाला वास यायचा गेला (मेंढरांत ऱ्हाणाऱ्याला बरंच झालं म्हणायचं). मग पाय अडाय लागलं. माळावर चालतो, पर उंबऱ्याशी आलो की पाय जिमिनीला चिकटत्यात. मी दारात हुबा, मागं शेरडं हुबी, त्यांच्या मागं मनु हुबी. आन् तिथंच, गड्या, माझी तंद्री लागती. आपण दोघं मेंढरं घिऊन कोकणात उतरतूय, समदीकडं धुकं, फुडं कुठंतरी तुझा ढोल वाजतूय, आन् माझं पाय कसं हलकं पडत्यात. लय ग्वाड वाटतं. भानावर येतो तवा शेरडं मला ढकलून आत गेलेली असत्यात.

मिरजेच्या डागदरानं नाव सांगितलं, त्ये विंग्रजी, माझ्या जिभंला न्हाई पेललं. आपल्यात कंपवात म्हणत्यात म्हणाला. हळूहळू वाढंल, लगेच मरायचा न्हाईस, बरा बी व्हायचा न्हाईस. आता ह्ये वाडीला कोण पटवणार? बिरोबाच्या देवळात निवांत बसलो हुतो, हात हलाय लागला, आन् कोंडीबा पुजाऱ्यानं भंडारा उधळून बोंब ठोकली, "नाथाजीच्या अंगात देव आला!" मी म्हणलं, आरं बाबा, आजार हाय ह्यो. पर माझा आवाज आता माझ्याच कानापतुर पोचत न्हाई. कोंडीबा म्हणला, देव हळू बोलतूया. भामाबाईनं म्हस कवा व्यायची त्ये इचारलं, माझा हात थरथरला, कोंडीबानं त्याचा अर्थ लावला "उद्या", आन् ती शाणी म्हस दुसऱ्या दिशी खरंच व्याली! झालं, रांग लागली. खोबरं खाऊन खाऊन जीव इटला.

काल रांगेच्या शेवटाला मनु हुबी. डोईवर पदर, हातात नारळ. सकाळीच मला भाकरी वाढलेली बाई माझ्या पायावर डोकं ठिवून म्हणाली, "देवा, आमचं मालक माझ्यावर का रागावल्यात? बोलत्यात त्ये ऐकू येत न्हाई, तोंडावर हसू न्हाई. माझं काय चुकलं?"

बिराप्पा, हसू आत हाय रं, पर तोंडाची कातडी हलतच न्हाई. मी जीव तोडून हसाय गेलो, तोंड नुसतं ताठलं. कोंडीबा वरडला, देव कोपला! मनु डोळं पुसत घरी गेली. घरी गेल्यावर सांगितलं, आगं, ह्यो आजार हाय. तर म्हणती, आजारी माणसं हसत न्हाईत व्हय?

बाकी ठीक. मेंढरं बरी हायती. पोरांला आशीर्वाद.

तुझा दाजी,
नाथाजी (देव न्हवं)

ता. क. आमच्यासाठी कामाचा खाडा करून येऊ नगंस.

ता. क. ये. ढोल घिऊन ये. परवा वाडीत वरात आली, तिचा ढोल ऐकला आन् माझं पाय आपसूक उंबरा वलांडून गेलं. वाजणं थांबलं तसं मी बी थांबलो. तू आमच्या दारात वाजव, मी मनुफुडं आपला धनगरी गजी नाचतो. तोंड न्हाई हसलं तरी चालंल. माझं नाचणं तिला कळतंय. लगनाआधी त्येच बघून तिनं मला पसंत केलं हुतं.

ता. क. समद्यांचं नारळ फोडलं. तिचा तसाच ठेवलाय. जबाब दिल्याबिगर कसा फोडू?